शॉकनंतरची सकाळ

४ मार्च

बारक्या,

पोचलो. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण मला एकट्याला तिच्यातून जायची परवानगी नाही. मी मधल्याच मजल्यावर उतरून भलत्याच्या घरात जाऊन बसेन, अशी जावयांना भीती. गॅसला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्यासाठी चिठ्ठी चिकटवली आहे: साखर, मीठ, चहा. नात सहा वर्षांची. ती रोज सकाळी मला विचारते, "आजोबा, आज वार कोणता?" बरोबर सांगितला की टाळ्या वाजवते. माझी शाळा पुन्हा सुरू झाली म्हण.

मी तक्रार करत नाही. पोहण्याच्या तलावाला क्लोरीनचा शॉक द्यायचा त्या संध्याकाळी सात मापं पावडर ओतून रजिस्टरात चार लिहिणाऱ्या माणसाच्या हातात गॅस कोण देईल? मीही दिला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायला आलेल्या अकरा मुलांचे डोळे सुजले. त्या एका मुलीला श्वास लागला आणि तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. मी त्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे होतो, ते सगळं तुला एकट्याला बघावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मला मात्र आजही चारच मापं आठवतात. उरलेली तीन कधी ओतली, ते कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. पण पिंपातली पावडर मोजली तेव्हा सात मापं कमी भरली, माझ्या डोळ्यांसमोर. मग वाद काय घालणार? त्याच आठवड्यात माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. म्हटलं, झालं, वय झालं. राजीनाम्यावर सही केली आणि किल्ल्या तुझ्या हातात दिल्या. तलाव परक्या माणसाकडे न जाता धाकट्या भावाकडे गेला, एवढंच समाधान.

फोन करू नकोस. कान आता पार गेले, नुसतं हं हं करत बसावं लागतं. पत्र लिही. पाणी कसं आहे ते कळव.

दादा

१९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि भरूनही आलं. वार विचारते काय! तू तिला उलटा पाढा विचार, म्हणजे फिटंफाट होईल.

इथं गर्दी वाढली आहे. सकाळच्या तिन्ही बॅचेस भरल्या, संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते. पण दादा, पाण्यानं छळ मांडलाय. क्लोरीनचा असा उग्र वास येतो की कपडे बदलायच्या खोलीपर्यंत नाक धरावं लागतं. पोहून आलेल्यांचे डोळे लाल. मॅनेजर म्हणाले, "क्लोरीन जास्त झालंय, निम्मं करा." मी निम्मं केलं. वास आणखी वाढला. आता ते म्हणतात, बंदच करा.

तू असतास तर वासावरूनच सांगितलं असतंस. मला मात्र त्या पाण्याकडे बघून काही कळत नाही. काय करू ते सविस्तर लिही. तुझ्या मागं माझी फजिती व्हायला नको. हिने नमस्कार सांगितलाय.

तुझा,
बारक्या

२७ मार्च

बारक्या,

मॅनेजरला पाण्यातलं कळत असतं तर तो मॅनेजर झाला नसता. बंद बिंद काही करू नकोस.

तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नाही, कमी पडल्याचा आहे. घाम, अंगाला चोपडलेली तेलं, आणि पोरांनी (थोरांनीही, मी बावीस वर्षं पाहिलंय) पाण्यात केलेली लघवी, यांच्याशी झुंजून अर्धमेलं झालेलं क्लोरीन असा वास मारतं आणि डोळ्यांना झोंबतं. ताज्या, पुरेशा क्लोरीनला जेमतेम वास असतो. तिथं अर्धं कमी करून काय होणार? एकदाच सणसणीत दणका द्यायचा. शॉक.

ऊन उतरलं की कर, ऊन क्लोरीन खातं. शेवटचा माणूस बाहेर, दाराला कुलूप, पंप चालू. बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं केलंस तर सगळं तुझ्या तोंडावर उडेल. एका बादलीला एक माप. नीट विरघळू दे, मग काठाकाठानं चालत ओत, एका जागी ओतून मोकळा होऊ नकोस. आणि दुसरी बादली उचलायच्या आधी पहिलीची रेघ रजिस्टरात मार. सकाळी काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेऊन चाचणीची गोळी टाक. फिका गुलाबी रंग आला तरच दार उघडायचं.

त्या दिवशीच्या पानावरही माझ्या चार रेघा आहेत. बादली ओतली की रेघ, बादली ओतली की रेघ, हे माझ्या हातालाच माहीत आहे. मग तीन बादल्या ओतल्या आणि रेघा मारायला विसरलो, हे कसं झालं असेल? दुपारभर याचाच विचार करत बसतो. लेक म्हणते, "बाबा, सोडा ना आता." सोडतो म्हणतो आणि पुन्हा तिथंच येतो.

दादा

११ एप्रिल

प्रिय दादा,

तू देवमाणूस आहेस. वास गेला! पाणी असं स्वच्छ झालंय की तळाच्या फरशीवरची चीर काठावरून दिसते. मॅनेजर मला म्हणाले, "शिकलात की!" मी म्हटलं, आमचे दादा.

पण मधे एक गंमत झाली, तिचा उलगडा तूच कर. वास फार होता म्हणून मी संध्याकाळी सहा मापं दिली. सकाळी गोळी टाकली तर नळी कोरी! गुलाबीचा पत्ता नाही, नुसतं पांढरं पाणी. म्हटलं एवढी पावडर गेली कुठं? मग आणखी तीन बादल्या ओतल्या. पुन्हा चाचणी, पुन्हा कोरी. दार उघडणार तेवढ्यात पंपाची मोटार जळाली, धूर निघाला, म्हणून तलाव बंद ठेवावा लागला. नाहीतर तशीच बॅच आत घेतली असती, कारण पाण्यात काहीच नाही म्हटल्यावर बिघडणार काय? आणि गौडबंगाल बघ, तिसऱ्या दिवशी, वरून चिमूटभरही न घालता, नळी एकदम गडद गुलाबी! चौथ्या दिवशी फिकी झाली, मग उघडला.

अशी कोरी नळी मी याआधी एकदाच पाहिली होती. तेव्हा वाटलं होतं पावडर शिळी असेल. पण हे पिंप तर नवं आहे. तुला काय वाटतं?

तुझा,
बारक्या

१५ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आधी पाण्याचं सांगतो.

गौडबंगाल काही नाही. गोळीचा गुलाबी रंग क्लोरीनमुळे येतो, पण क्लोरीन फारच जास्त असलं की ते आलेला रंगही खाऊन टाकतं. नळी कोरी दिसते. न कळणाऱ्याला वाटतं पाण्यात काहीच नाही, आणि पाणी तर अंग भाजेल असं असतं. अशा वेळी एक भाग तलावाचं पाणी आणि नऊ भाग बाटलीतलं शुद्ध पाणी मिसळून चाचणी करायची, येईल त्या आकड्याला दहानं गुणायचं. तुझी मोटार जळाली म्हणून पोरं वाचली. दोन दिवसांच्या उन्हानं क्लोरीन उतरलं, तेव्हा कुठं रंग टिकला.

हे मी तुला कधी शिकवलं नाही. शॉकनंतरच्या सकाळची चाचणी बावीस वर्षं मी एकट्यानं केली. कुणाला नळीला हात लावू दिला नाही. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय. मागच्या पत्रातही सगळं लिहिलं आणि नेमकं हेच लिहायचं राहिलं. ही चूक माझी, आणि ती मी कबूल करतो.

आता दुसरं. अशी कोरी नळी तू याआधी एकदाच पाहिलीस. कधी? मी असताना शॉकनंतरची चाचणी तू आयुष्यात एकदाच केलीस. मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो त्या सकाळी. माझ्या चार मापांनी नळी कोरी आली असणार, आता मला स्वच्छ दिसतंय. कोरी नळी बघून तू काय करतोस तेही तूच लिहिलंयस.

त्या सकाळी तू तीन मापं ओतलीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मी तुझ्यावर ओरडणार नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच मला कळू दे.

दादा

६ मे

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कामाचा नुसता डोंगर आहे. मला नोकरीत कायम केलं, तीन तारखेला पत्र मिळालं. हिचा गुडघा पुन्हा धरलाय. कपडे बदलायच्या खोलीत नवी फरशी बसवतायत, त्यामुळे दिवसभर ठोकाठोक. तू सांगितलेली एकास नऊची युक्ती फार कामाची आहे, मी भिंतीवर लिहून ठेवली.

तू विचारलंस त्याबद्दल: इतके महिने झाले, मला आता नीटसं आठवत नाही. त्या सकाळी फार धावपळ होती. उगाच जुनं उकरून डोक्याला ताप करून घेऊ नकोस. तिथं छान आराम आहे, नात आहे, लेक जीव लावते. आणखी काय हवं माणसाला? मला तुझा हेवा वाटतो.

तुझा,
बारक्या

९ मे

बारक्या,

तुला आठवत नाही! वा. मग डब्यांवर चिठ्ठ्या तुझ्याही घरात लावायला हव्यात.

मला कळलं. आता नाकारू नकोस आणि कबूलही करू नकोस, मला त्याची गरज उरली नाही. पिंप मोजलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. मॅनेजर म्हणाला, "आजोबा, एकदा ओतून विसरलात आणि पुन्हा ओतलंत वाटतं," आणि तू माझा दंड धरलास. मला वाटलं, आधार देतोयस.

ऐक. ऑफिसला काही कळवायचं नाही. तुझी जागा तुला लखलाभ. मला फक्त एक हवंय. माझ्या लेकीला दोन ओळी लिही, की तुझे बाबा विसरले नव्हते. परवा मी नातीला खालच्या बागेत नेलं तर जावई वीस पावलं मागून चालत आले. नातीनंच मला सांगितलं, "आजोबा, बाबा लपून येतायत." बारक्या, मला हे सोसवत नाही. मी वेडा झालो नसताना मला वेड्यासारखं जगायला लावू नकोस. मीसुद्धा विश्वास ठेवला होता रे. रोज रात्री आई-बापाचं, तुझं, माझं नाव मनात म्हणून बघायचो, की अजून आठवतंय ना.

दोन ओळी. या आठवड्यात.

दादा

१७ मे

चि. बाळ,

काकाचे अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि छोटी मजेत असाल.

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. दादाची पत्रं अलीकडे वेगळीच येतात. आधी तलावाची चौकशी असायची. आता त्याच्या मनानं घेतलंय की ती तीन मापं मी ओतली. मला राग आला नाही, बाळ. ज्याच्या अंगाखांद्यावर वाढलो त्याचा कसला राग? हा आजारच तसा असतो, आधी विसरायला होतं, मग जवळच्या माणसावर संशय येतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या वडिलांचं असंच झालं. ते शेवटी बायकोला चोर म्हणायचे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पण एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव. आणि मी असं लिहिलं हे त्याला कळू देऊ नकोस, त्याला लागेल.

तुझा,
काका

२ जून

ती. काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी खूप रडले. कारण तुम्ही लिहिलंत ते इथंही सुरू झालं होतं.

बाबांनी आम्हाला दोघांना बसवून तुमचं जुनं पत्र दाखवलं, कोऱ्या नळीचं. ह्यांनी दोनदा वाचलं. त्यात तर तुम्ही मोटार जळाल्याचं लिहिलंय, आणखी काय? पण बाबा एकेका शब्दावर बोट ठेवून समजावत राहिले. आम्हाला कळेना तसे ते चिडले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घरभर वास. बाबांनी संडास धुवायचं ब्लीच काढून बाल्कनीत दोन ग्लास मांडले होते. त्यांची जुनी चाचणीची पेटी उघडी. एका ग्लासात थेंबभर ब्लीच, दुसऱ्यात कितीतरी. दोन्हीत गोळ्या टाकल्या. एक गुलाबी झाला, दुसरा पांढराच. आणि बाबा मला हाताला धरून म्हणतात, "बघ, ज्यात काही दिसत नाही ना, त्यात जास्त आहे! बघ! आता कळलं?" छोटी शेजारीच उभी होती, काका. तिनं ग्लासाला हात लावला असता तर? ह्यांनी सगळं उचलून फेकून दिलं, पेटीसुद्धा. बाबा जमिनीवर बसून राहिले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्यात. बाबांना ऐकू येत नाही, त्यामुळे निम्म्या प्रश्नांची उत्तरं भलतीच गेली. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या कलानं घ्यायचं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कसं मागू कळत नाही. बाबा एकच म्हणतात, बारक्याला बोलवा, त्याला माझ्यासमोर सांगू दे. तुम्ही एकदा याल का? आणि त्यांचा हात धरून "हो दादा, मीच ओतली" एवढं म्हणाल का? खोटं आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या जिवाला शांतता मिळेल. तुम्ही त्यांच्यासाठी एवढं कराल याची मला खात्री आहे.

तुमची,
बाळ

१८ जून

बारक्या,

तू आलास. सफरचंदं आणलीस. बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवलेस. माझ्यासमोर स्टूल ओढून बसलास आणि माझे दोन्ही हात धरून, ऐकू यावं म्हणून मोठ्यानं, म्हणालास, "हो दादा. मीच ओतली. तीन मापं. नळी कोरी आली म्हणून. नंतर भीती वाटली, म्हणून बोललो नाही." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू खरं बोलत होतास, आणि त्या खोलीत ते फक्त तुला आणि मला माहीत होतं.

मी लेकीकडे बघितलं. म्हटलं, ऐकलंस? ती दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि मान हलवत होती. हो बाबा, ऐकलं. जावई तुझ्या पाठीवर थोपटत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे ठरवून झालंय.

त्या क्षणी तू वळून म्हणू शकला असतास, की पोरी, हे नाटक नाही. मी वाट पाहिली. तू सफरचंद कापायला घेतलंस.

जाताना दारात तू जावयांशी बोललास. कान गेल्यापासून मी ओठांकडे बघायला शिकलोय. "फार थकलाय," म्हणालास.

आता मी काय करू ते सांग. तू लपवलंस तेव्हा मला निदान लढायला जागा होती. आता तू कबूल केलंयस. मी कुणाकडे काय मागू? काल लेकीला म्हटलं, बघ, तो स्वतःच्या तोंडानं बोलला. ती म्हणाली, "हो ना बाबा. काका किती मोठ्या मनाचे, तुमच्यासाठी सगळं स्वतःवर घेतलं." मी हो म्हटलं. त्यावर ती इतकी खूश झाली की तिनं मला जवळ घेतलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतो. त्यांनी झोप फार येते आणि दुपारनंतर शब्द सापडत नाहीत. हे पत्र तीन सकाळी मिळून लिहिलंय. लवकरच मी खरोखरच विसरेन, मग तुला काळजी नाही.

मला पत्र पाठवू नकोस. पाठवलंस तर ती ते मोठ्या अक्षरांत उतरवून माझ्यासमोर धरेल, आणि मला पुन्हा तुझे आभार मानावे लागतील.

दादा